चार दिवसांनी बाहेर आलेली सोंड

नळीत बसवलेल्या मधमाशीचं फक्त डोकं बाहेर दिसतं. दोन शृंगिका (वास घेणाऱ्या मिशा), जबडे आणि त्याखाली घडी घालून ठेवलेली सोंड. मी तिच्यासमोर तोंडाला फडकं बांधून बसले होते, कारण माणसाचा उच्छ्वास लागला की माशी बिथरते. लहान पंख्याची हवा तिच्या अंगावरून मागच्या झरोक्याकडे जात होती. त्या हवेत मी चार सेकंद हेक्झॅनॉलचा वास सोडला. ताजं गवत कापल्यावर येतो तसा हा वास असतो. पहिल्या खेपेला काहीच झालं नाही. मग शृंगिकेला साखरेच्या पाण्यात बुडवलेली काडी लावली, सोंड बाहेर आली, माशी थोडं प्यायली. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला वास सोडला, काडी अजून माझ्या हातातच होती, आणि माशीनं सोंड पुढे काढली. नुसत्या वासालाच.

ही पद्धत जुनी आहे. 1961 पासून ती वापरात आहे आणि 1983 नंतर तिचं आजचं काटेकोर रूप जगभर रूढ झालं. तरीही साधारण एक घनमिलिमीटर आकाराच्या, दहा लाखांहून कमी चेतापेशींच्या मेंदूनं माझ्या डोळ्यांसमोर एक नवी गोष्ट शिकून घेतली होती. त्या दिवशी वहीत मी फक्त वेळ आणि माशीचा क्रमांक लिहिला, पण ते पान मला अजून आठवतं.

माझा प्रश्न मात्र शिकण्यापुरता नव्हता. माशी तीन खेपांत शिकते. पण उद्या, परवा, चार दिवसांनी तिला ते आठवेल की नाही, हे कशावर ठरतं? आणि त्या ठरण्यात नायट्रिक ऑक्साइड नावाच्या वायूचा हात कुठे असतो?

हा विषय माझ्या मार्गदर्शक मॅडमनी दिला तेव्हा मला नायट्रिक ऑक्साइडची ओळख दोनच ठिकाणची होती: गाड्यांच्या धुरातला घटक म्हणून आणि रक्तवाहिन्या सैल करणारा रेणू म्हणून. रक्तवाहिन्यांवरच्या त्या कामासाठी फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना 1998 चं नोबेल मिळालं, एवढं माहीत होतं. हा वायू आठवणीशी कसा जोडला गेला ते मी पहिल्या महिन्यात वाचलं, आणि वाचताना अक्षरशः जेवणाची वेळ चुकत गेली.

चेतापेशी एकमेकींशी बोलतात त्याचा एक ठरलेला रिवाज आहे. निरोपाचा रेणू आधीच तयार करून इवल्या पिशव्यांत साठवलेला असतो. वेळ आली की पिशवी फुटते, रेणू बाहेर पडतो, समोरच्या पेशीवरच्या ठरलेल्या ग्राहीला चिकटतो. नायट्रिक ऑक्साइड यातलं काहीच पाळत नाही. वायूच तो, पिशवीत साठवणार कसा? तो लागेल तेव्हा लागेल तेवढा बनवला जातो, आर्जिनिन या अमिनो आम्लापासून, नायट्रिक ऑक्साइड सिंथेस या एन्झाइमच्या हातून. बनला की पेशीच्या पटलातून सरळ आरपार जातो. त्याला ना दार लागतं, ना ग्राही. शेजारच्या पेशीत ग्वानिलिल सायक्लेस नावाच्या एन्झाइममधल्या लोहाला तो चिकटतो, तिथे सायक्लिक जीएमपी हा पेशीच्या आत निरोप पुढे नेणारा रेणू तयार होऊ लागतो, आणि काही सेकंदांत तो स्वतः संपून जातो. अल्पायुषी आणि कुठेही न अडणारा असा निरोप्या.

1988 मध्ये जॉन गार्थवेट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की लहान मेंदूतल्या पेशींवरचे एनएमडीए ग्राही चेतवले की त्या पेशी रक्तवाहिन्यांतल्या त्या सैल करणाऱ्या द्रव्यासारखंच काहीतरी सोडतात. 1990 मध्ये ब्रेड्ट आणि स्नायडर यांनी मेंदूतलं ते एन्झाइम शुद्ध रूपात वेगळं केलं आणि ते कॅल्शियम आणि त्याला धरणारं कॅल्मोड्युलिन हे प्रथिन यांवर चालतं हे सिद्ध झालं. इथे माझ्या डोक्यात पहिली कडी जुळली. एनएमडीए ग्राही म्हणजे तोच, जो दोन्ही बाजूंनी एकाच वेळी हालचाल झाली की उघडतो आणि कॅल्शियम आत घेतो. दोन गोष्टी एकत्र घडल्याची नोंद घेणारा दरवाजा. आणि सस्तन प्राण्यांच्या मेंदूत नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइम त्या दरवाज्याच्या अगदी उंबऱ्याशी, पीएसडी-95 या प्रथिनाला धरून बसलेलं असतं. दरवाजा उघडला की लगेच काम सुरू.

मग 1991. हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या आठवणीशी निगडित भागाच्या कापांवर जोरात विद्युत-उत्तेजन दिलं की तिथल्या चेतासंधी, म्हणजे चेतापेशींमधले जोड, तासन्‌तास बळकट राहतात. ब्लिस आणि लोमो यांनी 1973 मध्ये सशांमध्ये नोंदवलेली ही घटना, जिला दीर्घकालिक वर्धन म्हणतात, आठवणीची पेशीपातळीवरची खूण मानली जाते. त्यात एक कोडं होतं. बळकटीची सुरुवात निरोप घेणाऱ्या पेशीत होते, पण बदलाची काही चिन्हं निरोप देणाऱ्या पेशीत दिसतात. मग घेणाऱ्यानं देणाऱ्याला कळवलं कसं? उलट दिशेनं जाणारा निरोप्या हवा होता, आणि कुठेही शिरू शकणारा वायू त्यासाठी अगदी योग्य वाटत होता. शुमन आणि मॅडिसन यांनी, तसंच कँडेल यांच्या गटानं, सिंथेस रोखणारी द्रव्यं देऊन हे वर्धन थांबवून दाखवलं.

त्यातला एक भाग मला आजही सर्वांत सुंदर वाटतो. त्यांनी कापांवर हिमोग्लोबिन टाकलं. रक्तातलं तेच हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइड घट्ट धरून ठेवतं. पण रेणू मोठा, पेशीच्या आत जाऊ शकत नाही, बाहेरच्या द्रवातच राहतो. तरी वर्धन थांबलं. म्हणजे जे काही आवश्यक होतं ते पेशीच्या बाहेर पडून, दोन पेशींमधल्या मोकळ्या जागेतून चाललं होतं, आणि वाटेतच धरलं गेलं. एका बाहेर थांबलेल्या रेणूनं आतल्या प्रवासाची वाट दाखवली. हे वाचून मी मॅडमकडे धावत गेले होते. त्या म्हणाल्या, "आवडलं ना? आता त्याच्या विरोधातलं वाच."

विरोधातलं पुष्कळ होतं. आधी बाजूचं: 1992 मध्ये चॅपमन आणि सहकाऱ्यांनी उंदरांचं जागा ओळखायला शिकणं आणि सशांचं पापणी मिटायला शिकणं, दोन्ही सिंथेस रोखल्यानं बिघडल्याचं दाखवलं. त्याच वर्षी कोंबडीच्या पिल्लांवर होल्शर आणि रोझ यांना आठवण न बनल्याचं दिसलं. पण 1994 मध्ये बॅनरमन, मॉरिस आणि इतरांनी, म्हणजे उंदरानं पोहत लपलेली जागा शोधायची ती पाण्याच्या हौदाची चाचणी ज्यांच्या नावानं ओळखली जाते त्या मॉरिस यांच्याच गटानं, नेमका उलटा निष्कर्ष काढला: एन्झाइम रोखल्यानं जागेचं शिक्षण बिघडत नाही. हे कळल्यावर मी बराच वेळ नुसती बसून होते. एल-नेम हे द्रव्य मेंदूतलं सिंथेस रोखतं तसंच रक्तवाहिन्यांतलंही रोखतं, रक्तदाब चढवतं. प्राण्याला बरं वाटेनासं झालं, तो नीट पोहेना, तर तो शिकला नाही असं म्हणायचं का? हा प्रश्न तेव्हा मला इतरांच्या कामाबद्दलचा वाटला. दोन महिन्यांनी तो माझ्या टेबलावर येऊन बसला.

जनुक काढून टाकलेल्या उंदरांवरही बरंच काम झालं होतं. चेतापेशीतलं सिंथेस नसलेल्या उंदरांत वर्धन बऱ्यापैकी शाबूत होतं; चेतापेशीतलं आणि रक्तवाहिन्यांतलं अशी दोन्ही रूपं काढली तेव्हा, 1996 मध्ये, ते स्पष्ट कमी झालेलं दिसलं. एकाचं काम दुसरं सांभाळून नेतं, असं त्यातून मला उमगलं.

आणि मग मधमाशी. त्याच 1996 मध्ये उली म्युलर यांनी मधमाश्यांवर जे दाखवलं, त्याच वाटेवरून मला चालायचं होतं. वास आणि साखर यांची जोडी माशीला एकदाच दिली तर तिला काही काळ आठवतं. तीनदा दिली तर दिवसेंदिवस आठवतं. शिकवताना नायट्रिक ऑक्साइड बनणं रोखलं तर माशी तीन खेपांत शिकते, त्यानंतरचे काही तास आठवतही राहतं, फक्त पुढची लांबची आठवण पडते. एका खेपेतून आलेल्या आठवणीला काहीच धक्का लागत नाही. म्हणजे हा वायू शिकण्याला लागत नाही, पहिल्या आठवणीलाही लागत नाही. पुन्हा पुन्हा घडलेली गोष्ट दीर्घकाळ जपायला तो लागतो. हे मला स्वतःच्या हातानं, स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. नव्या प्रश्नाकडे जाण्याआधी जुना निकाल आपल्या टेबलावर उभा राहतो का, हे बघणं मॅडमच्या गटात सक्तीचंच होतं.

काम माश्या पकडण्यापासून सुरू व्हायचं. पेटीच्या तोंडाशी काचेची कुपी धरायची, बाहेर निघालेली एकेक कामकरी माशी कुपीत घ्यायची, बोळा लावायचा. कुप्या बर्फात ठेवल्या की काही मिनिटांत माशी निपचित होते. इथे घाई आणि उशीर दोन्ही वाईट. लवकर काढली तर हातात जागी होते. उशीर झाला तर तिचा थंडीचा ताण वाढतो आणि दुसऱ्या दिवशी ती साखरेलाही धड प्रतिसाद देत नाही. निपचित माशी छोट्या नळीत सरकवायची, मानेमागे चिकटपट्टीची अरुंद फीत लावायची. फीत सैल तर माशी निसटते, घट्ट तर मान दबते. पहिल्या आठवड्यात माझ्या हातून काही माश्या गेल्या. त्याचं मला फार वाईट वाटायचं. दादा, म्हणजे गटातले वरिष्ठ संशोधक, शेजारी बसून माझ्या बोटांकडे बघत म्हणायचे, "फीत ओढू नकोस, नुसती टेकव. बाकी काम तिचं तीच करते." खरंच तसं होतं. शुद्धीवर आलेली माशी अंग हलवून नळीत आपली जागा आपणच करून घेते.

संध्याकाळी प्रत्येकीला साखरेचं पाणी, मग रात्रभर अंधाऱ्या पेटीत, ओल्या कापसाशेजारी. सकाळी त्या भुकेल्या असतात. शिकवण्याआधी प्रत्येकीच्या शृंगिकेला साखर लावून बघायची. सोंड न काढणारी बाजूला. मग वक्षाच्या पाठीवरच्या कवचाला केसाएवढं छिद्र, आणि त्यातून एक मायक्रोलिटर द्रावण. कीटकांचं रक्ताभिसरण उघडं असतं, द्रावण अंगभर फिरतं, मेंदूपर्यंत पोहोचतं. सोय हीच, अडचणही हीच. ते सगळीकडे जातं, म्हणून त्यानं नेमकं कुठे काम केलं हे या पद्धतीतून कळत नाही. अर्ध्या तासानं शिकवणी सुरू.

पहिल्या फेरीत मी दोन गट केले. एकाला एल-नेम, दुसऱ्याला नुसतं क्षारांचं पाणी. तीन खेपा, दहा-दहा मिनिटांचं अंतर. दोन्ही गट शिकले, मात्र एल-नेमचा गट जरा मंद वाटला. दुसऱ्या दिवशी चाचणी घेतली. क्षारांच्या पाण्याच्या माश्या वास आला की सोंड काढत होत्या. एल-नेमच्या बहुतेक गप्प. मी एकेका नळीपुढे वास सोडत गेले आणि वहीत शून्य लिहीत गेले. त्या संध्याकाळी मी सगळ्यांना सांगितलं की आपल्याकडेही तोच निकाल आला. मनापासून सांगितलं, कारण मला मनापासून तसंच वाटत होतं.

गटाच्या बैठकीत मी आलेख लावला. दादांनी एकच विचारलं, "वासाच्या चाचणीनंतर त्यांना साखर दाखवलीस का?"

नव्हती दाखवली.

"मग त्या विसरल्या हे तुला कसं कळलं?"

मला उत्तर सुचेना. बैठक संपल्यावर मी तडक खाली गेले. माश्या अजून पेटीत होत्या. एल-नेमच्या गटातल्या एकेकीच्या शृंगिकेला साखर लावली. कितीतरी माश्यांनी साखरेलाही सोंड काढली नाही. काही शृंगिका हलवत होत्या, पण अंगात जोर नव्हता. त्या विसरल्या नव्हत्या. त्या आजारी होत्या. आणि मी त्यांच्या आजारपणाला विस्मरण म्हणून आलेख काढला होता. 1994 च्या निबंधातला प्रश्न, पोहता न येणाऱ्या उंदराचा, माझ्यापुढे माशीच्या रूपात होता.

कारण शोधायला दोन दिवस लागले. शेवटी द्रावणात पीएचची पट्टी बुडवली तेव्हा उलगडलं. एल-नेम मिळतं ते हायड्रोक्लोराइड क्षाराच्या रूपात. बफर, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणारं द्रव्य, नसलेल्या पाण्यात ते विरघळवलं की द्रावण चांगलंच आम्लधर्मी होतं. माझ्या क्षारांच्या पाण्यात बफर नव्हता. एका गटाच्या अंगात मी आम्ल टोचत होते, दुसऱ्याच्या अंगात नाही, आणि दोन गटांतला फरक नायट्रिक ऑक्साइडच्या नावावर टाकत होते. त्या रात्री मला झोप लागली नाही. निकाल गेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त त्या माश्यांचं. त्यांनी जे भोगलं त्यातून काहीच कळलं नव्हतं.

मॅडम रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आता तू विचार करून सांग, कशाकशामुळे माशी सोंड काढणार नाही? आठवण सोडून." आम्ही फळ्यावर लिहीत बसलो. भूक नाही. अंगात त्राण नाही. सोंडेचे स्नायू चालत नाहीत. वासच येत नाही. शेवटचा मुद्दा मला फार अस्वस्थ करून गेला, कारण मधमाशीच्या मेंदूत नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइम सर्वांत दाट कुठे असतं, तर शृंगिकांकडून येणारा वास जिथे पहिल्यांदा पोहोचतो त्या भागात. सिंथेस रोखल्यावर माशीला वासच वेगळा येत असेल तर?

तेव्हापासून मी चाचणीतल्या एका शून्याकडे दहा बाजूंनी बघायला शिकले. दुसरी फेरी आम्ही नव्यानं बांधली. दोन्ही गटांना बफरमधलं द्रावण. क्षारांच्या पाण्याऐवजी डी-नेम. हे एल-नेमचंच आरशातलं रूप. तेच अणू, तोच क्षार, तेच वजन, पण एन्झाइमच्या खाचेत बसत नाही, म्हणून ते रोखण्यात जवळजवळ निष्प्रभ. उजव्या पायाचा जोडा डाव्या पायात जात नाही, तसं. सुईचा त्रास, द्रावणाचा त्रास, सगळं दोन्हीकडे सारखं; फरक फक्त एन्झाइम रोखलं जाण्याचा. मला डी-नेम ही गोष्ट आजही विलक्षण वाटते. एखाद्या शंकेला उत्तर द्यायला याहून नेमकं काही असू शकेल असं वाटत नाही.

कुप्यांवर नावं नव्हती, फक्त 'क' आणि 'ख'. कोणतं काय ते दादांना ठाऊक आणि एका बंद पाकिटाला. चाचणीत शिकवलेल्या हेक्झॅनॉलनंतर कधीही न दिलेला दुसरा वास, नोनॅनॉल. कोणत्याही वासाला सोंड काढणारी माशी आठवण ठेवून आहे असं म्हणता येत नाही. आणि सर्वांत शेवटी साखर. साखरेला सोंड न काढणारी माशी मोजणीतून बाहेर, मग तिनं वासाला काहीही केलेलं असो. शिवाय चार गट: तीन खेपांचे दोन, एकाच खेपेचे दोन. एका खेपेचे गट माझ्या दृष्टीनं या प्रयोगाचा जीव होते. एल-नेममुळे माशीला वास येत नसेल, भूक मरत असेल, सोंड चालत नसेल, तर एका खेपेची आठवणही पडली पाहिजे. ती टिकली आणि फक्त तीन खेपांची लांबची आठवण पडली, तर बाकीच्या सगळ्या शंकांना तिथेच उत्तर मिळणार होतं.

चार दिवस माश्यांना नळीत जगवणं हे शिकवण्यापेक्षा अवघड काम निघालं. रोज संध्याकाळी प्रत्येकीला हातानं भरवायचं. पोट भरलं की ती सोंड आत घेते, तोवर थांबायचं. घाईनं भरवलेली माशी सकाळी मेलेली सापडते, हे मी पहिल्या फेरीत पाहिलं होतं. कापूस कोरडा पडला तरी मरतात, फार ओला झाला तरी बुरशी धरते. रात्री मी एकदा उठून कापूस बघून यायचे. तरीही रोज काही माश्या जायच्याच, दोन्ही गटांतल्या, आणि साधारण सारख्याच. हे सारखेपण मी वहीत वेगळं लिहून ठेवलं, कारण या वेळी एक गट आजारी पडत नव्हता.

शिकवणीच्या दिवशी 'क' आणि 'ख' मध्ये मला काही फरक दिसला नाही. तिसऱ्या खेपेला दोन्हीकडे सोंडा वासालाच येत होत्या. दोन तासांनी थोड्या माश्यांची चाचणी घेतली, तेव्हाही तेच. ज्यांची चाचणी एकदा झाली त्यांना परत वापरायचं नाही असा नियम होता, कारण साखरेविना दिलेला वास हीही एक शिकवणीच असते. म्हणून पहिल्या दिवशीच्या, दुसऱ्या दिवशीच्या आणि चौथ्या दिवशीच्या माश्या वेगळ्या.

दुसऱ्या दिवशी तीन खेपांच्या 'ख' नळ्या पुढे घेतल्या. वास सोडला. सोंड आली. पुढची. आली. 'क' घेतली. वास सोडला. शृंगिका वासाच्या दिशेनं वळल्या, अगदी स्पष्ट वळल्या, आणि सोंड घडी घालून तशीच. नोनॅनॉल. शृंगिका पुन्हा वळल्या. मग साखरेची काडी शृंगिकेला टेकवली आणि सोंड झटकन बाहेर आली, माशी अधाशासारखी प्यायली. मी तिथे थोडा वेळ हात टेबलावर टेकून उभी राहिले. वास येत होता. भूक होती. सोंड चालत होती. काल हीच माशी या वासाला साखर समजत होती, आणि आज तो तिच्यासाठी परका होता.

सगळ्याच 'क' माश्या अशा नव्हत्या. काहींनी सोंड काढली, आणि 'ख' मधल्याही काही गप्प राहिल्या. जिवंत प्राण्यांच्या कामात निकाल कधी रेघ ओढल्यासारखा येत नाही, तो गठ्ठ्यानं कलतो. पण कल डोळ्यांना दिसण्याएवढा होता. आणि एका खेपेच्या गटांत 'क' आणि 'ख' मध्ये मला निवड करता आली नाही. दोघांनाही सारखंच आठवत होतं.

पाकीट चौथ्या दिवसाच्या चाचणीनंतर उघडलं. 'क' म्हणजे एल-नेम.

मॅडमनी त्या दिवशी मला म्युलर यांच्या 2000 च्या कामाकडे वळवलं, आणि तीनदा आणि एकदा यांतला फरक मला पहिल्यांदा पेशीच्या आतून दिसला. एका खेपेनं माशीच्या मेंदूतल्या वासाच्या केंद्रात पीकेए नावाचं एन्झाइम थोडाच वेळ जागं होतं. तीन खेपांनी ते कितीतरी मिनिटं जागं राहतं. हे लांबलेलं जागरण घडवून आणायला नायट्रिक ऑक्साइड आणि सायक्लिक जीएमपी लागतात. वायू काही सेकंदांत संपतो, पण त्यानं लांबवलेलं ते जागरण पुढच्या कामाला वाट देतं, आणि माशीच्या बाबतीत तीन-चार दिवस टिकणाऱ्या आठवणीसाठी नवी प्रथिनं बनावी लागतात, जनुकं वाचली जावी लागतात. वायू स्वतः आठवण नसतो. पुन्हा घडलेली गोष्ट ही पुन्हा घडलेली आहे, एवढं तो पेशीला कळवतो, असं मी माझ्यापुरतं समजून घेतलं आहे.

हे फक्त माश्यांचं नाही, हे पुढे वाचनात येत गेलं आणि दर वेळी मी हरखले. तळ्यातल्या लिम्नीया गोगलगाईला एकाच खेपेत शिकवता येतं, आणि केमेनिस यांच्या गटानं 2002 मध्ये दाखवलं की तिला लांबच्या आठवणीसाठी शिकवणीनंतरही काही तास, साधारण पाच तासांपर्यंत, नायट्रिक ऑक्साइड लागतो. ऑक्टोपसला स्पर्शानं वस्तू ओळखायला शिकताना लागतो. रातकिड्यांमध्येही म्युलर यांच्यासारखाच मार्ग सापडला. आणि मग 2019 मध्ये फळमाश्यांमधून एक वेगळीच बाजू पुढे आली: डोपामिन हा निरोपाचा रेणू सोडणाऱ्या काही पेशी सोबतीनं नायट्रिक ऑक्साइडही सोडतात, आणि तिथे तो डोपामिनच्या उलट काम करून आठवण लवकर बदलायला मदत करतो. एकीकडे जपणारा, दुसरीकडे बदलायला लावणारा, आणि रेणू तोच. याचं काय करायचं हे मी अजून शोधते आहे; माझं आताचं काम त्याच दिशेनं चाललं आहे.

त्या प्रयोगाचा शेवट मात्र निळ्या रंगानं झाला. चाचणी संपलेल्या 'ख' गटातल्या काही माश्यांचे मेंदू मी रंगवण्यासाठी ठेवले होते. ऊती पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये स्थिर केल्यावर इतर बरीच एन्झाइमं मरतात, पण नायट्रिक ऑक्साइड सिंथेसचं एक काम तग धरून राहतं. एनएडीपीएच आणि नायट्रोब्लू टेट्राझोलियम ही दोन रसायनं दिली की जिथे ते एन्झाइम आहे तिथे गडद निळा रंग साचतो. स्थिरीकरण कमी झालं तर सगळंच निळं होतं आणि काही कळत नाही. जास्त झालं तर काहीच रंगत नाही. माझे पहिले काप दोन्ही प्रकारांनी वाया गेले. तिसऱ्या खेपेला काप काचपट्टीवर घेऊन रंगाच्या द्रावणात अंधारात ठेवले आणि दर दहा मिनिटांनी बाहेर काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघत राहिले.

आधी फिकट करडं. मग हळूहळू, कापाच्या दोन बाजूंना, शृंगिकांचे मज्जातंतू जिथे आत शिरतात तिथे, द्राक्षांच्या घडासारख्या गोल गोल गाठी निळ्या उमटू लागल्या. वासाच्या केंद्रातल्या गाठी. मधमाशीच्या प्रत्येक बाजूला त्या सुमारे एकशे साठ असतात. मधला बराचसा मेंदू फिकटच राहिला, काही जागी निळसर ठिपके. मी दिवा थोडा मंद केला, काप वरखाली करत एकेक गाठ बघत गेले आणि दादांना हाक मारली. ते आले, डोळा लावला, आणि बराच वेळ बाजूला झालेच नाहीत.